डिझेल नावाचा माणूस

आरती रंगात आलेली असते आणि वीज जाते. क्षणभर अंधार पडतो, टाळ्या मात्र थांबत नाहीत. तेवढ्यात मंडपामागून धडधड ऐकू येते. दिवे लागतात, पंखे फिरू लागतात, माईक पुन्हा बोलू लागतो. त्या आवाजाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. उत्सव संपल्यावर खजिनदारांच्या वहीत मात्र त्याच्या दोन ओळी उरतात : जनरेटरचे भाडे आणि डिझेल.

यातली दुसरी ओळ म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे. वॅट, व्होल्टा, अँपिअर ही माणसांची नावे होती हे आपण शाळेत शिकलो. पण डिझेल हेही कुणा आईवडिलांच्या मुलाचे नाव असेल, त्या माणसालाही घरसंसार, कीर्ती आणि कर्ज यांचे ओझे वाहावे लागले असेल, हे सहसा मनात येत नाही. रुडॉल्फ डिझेल यांची कहाणी त्यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. छोट्या कारागिराच्या हाती स्वतःची शक्ती द्यावी म्हणून त्यांनी एक यंत्र काढले. ते यंत्र जगाने उचलले, पण आधी ते गेले मोठ्यांच्या दारी. छोट्यांपर्यंत ते पोचले तेव्हा डिझेल हयात नव्हते.

परक्या शहरातले घर

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे मूळचे जर्मनीतील आउग्सबुर्गचे. घराण्याचा धंदा पुस्तकबांधणीचा. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू तयार करून विकत. आईचे नाव एलिझ. घरात तीन मुले, त्यांत रुडॉल्फ मधला. घरची भाषा जर्मन, शाळेची आणि रस्त्यावरची फ्रेंच. आपल्यापैकी ज्यांची घरे तीन-चार पिढ्यांपासून दुसऱ्या भाषेच्या शहरात वसली आहेत, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगायला नको. परिस्थिती बेताची होती. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे आणि तिथल्या जुन्या वाफेच्या यंत्रांची चित्रे काढी.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. वर्षानुवर्षे पॅरिसमध्ये राहिलेले जर्मन एका दिवसात शत्रू ठरले. डिझेल कुटुंबाला घर आणि धंदा मागे टाकून लंडन गाठावे लागले. तिथे सगळ्यांचे पोट भरणे कठीण दिसू लागले, तेव्हा आईने बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवले. ज्यांच्या घरी तो राहिला ते बार्निकेल तिथल्या उद्योगशाळेत गणित शिकवत. मुलगा हुशार होता, आणि परक्या घरी राहणाऱ्या मुलाला येते तशी शिस्तही त्याच्या अंगी आली. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले की आपण इंजिनिअर होणार.

शाळेत तो पहिला आला. वडिलांची इच्छा अशी की आता त्याने कमाईला लागावे. पण म्युनिकच्या पॉलिटेक्निकने शिष्यवृत्ती देऊ केली आणि १८७५ मध्ये रुडॉल्फने घरच्यांच्या मनाविरुद्ध ती स्वीकारली.

वाया जाणारी उष्णता

म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. बर्फ तयार करण्याची यंत्रे बनवून पुढे जगभर प्रसिद्ध झालेले तेच हे लिंडे. एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्के भाग कामी येतो, बाकीची धुराड्यातून आणि पाण्यावाटे निघून जाते. वर्गातल्या इतर मुलांनी हे आकडे वहीत उतरवून घेतले असतील. रुडॉल्फच्या मनात मात्र ते रुतून बसले. गरिबीत वाढलेल्या मुलाला दहा रुपयांतले नऊ रुपये वाया जाणे सहन होत नाही, तसेच काहीसे हे झाले. उष्णतेचा याहून चांगला उपयोग करणारे इंजिन बांधता येईल का, हा प्रश्न त्याने विद्यार्थिदशेत घेतला आणि पुढची पंधरा वर्षे सोडला नाही.

१८७९ मध्ये अंतिम परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथे सुल्झर यांच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केले आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती सर्वोच्च गुण मिळवून. मग लिंडे यांनीच त्याला पॅरिसला पाठवले. तिथल्या बर्फाच्या कारखान्याच्या उभारणीपासून सुरुवात करून वर्षभरात तो तिथला प्रमुख झाला. ज्या शहरातून निर्वासित होऊन निघावे लागले त्याच शहरात डिझेल आता साहेब म्हणून परतले होते. १८८३ मध्ये त्यांचे मार्था फ्लाशे यांच्याशी लग्न झाले. त्यांना रुडॉल्फ, हेडी आणि ऑयगेन अशी तीन मुले झाली.

दिवसा बर्फाचा व्यवसाय आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा ध्यास, असे त्यांचे आयुष्य सुरू झाले. वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहण्यात काही वर्षे गेली. त्या प्रयोगांत एकदा स्फोट होऊन ते जिवावरच्या दुखण्यातून उठले. तो मार्ग सोडावा लागला, पण दाबाखालच्या वायूचे वर्तन त्यांना नीट कळले, आणि पुढे तेच कामी आले.

सायकलच्या पंपातले तत्त्व

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव प्रत्येकाला असतो. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी हीच गोष्ट टोकाला नेली. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने इतकी दाबायची की ती इंधन पेटवण्याइतकी तापेल. मग नेमक्या क्षणी इंधन आत सोडायचे. ठिणगी नको, ज्योत नको, बाहेरचा विस्तव नको. हवा जितकी जास्त दाबली जाईल तितका उष्णतेचा मोठा वाटा कामात उतरतो, हे गणित त्यामागे होते.

२८ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांनी बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट क्रमांक ६७२०७ मिळाला आणि आपली कल्पना मांडणारे छोटे पुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केले. सगळ्यांचे स्वागत मिळाले असे नाही. एवढा दाब सहन करील असे ओतीव लोखंड कुठून आणणार, हा अनुभवी माणसांचा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. तरी आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी प्रयोगाची जबाबदारी घेतली. एसेनचे क्रुप हेही खर्चात सहभागी झाले. शाळकरी रुडॉल्फ ज्या गावी आश्रिताप्रमाणे आला होता, त्याच गावात त्याचे इंजिन उभे राहू लागले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडले. प्रचंड स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले थोडक्यात वाचले. इंजिन एक फेराही स्वतःच्या बळावर फिरले नव्हते. डिझेल यांनी मात्र त्यातून एवढेच घेतले की दाबलेल्या हवेत इंधन खरोखरच पेटते. कल्पना खरी होती, यंत्र तयार नव्हते.

पुढची साडेतीन वर्षे झडपा, नळ्या, पॅकिंग आणि इंधन आत सोडण्याची तऱ्हा यांच्याशी झुंजण्यात गेली. मूळ सिद्धांतातल्या काही गोष्टी व्यवहारात जमणार नाहीत हे दिसले, तेव्हा त्यांनी त्या बदलल्या. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी दुसऱ्या यंत्राची चाचणी चालू होती. यंत्राला बाहेरून फिरवणारा पट्टा ओढायचा थांबला, उलट यंत्रच पट्ट्याला ओढू लागले. हे लिंडर नावाच्या कारागिराच्या प्रथम लक्षात आले, आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी उचलली असे सांगतात. ते इंजिन मिनिटभरच चालले, मिनिटाला ८८ फेऱ्या.

फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे २० अश्वशक्तीचे, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंचीचे ते यंत्र इंधनाच्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक भाग कामात उतरवत होते. चांगल्यात चांगल्या वाफेच्या इंजिनालाही तोवर एवढी मजल गाठता येत नव्हती. डिझेल यांचे वय तेव्हा अडतीस होते.

कोणासाठी हे इंजिन?

इथे त्यांच्या मनात काय होते ते सांगायला हवे. वाफेचे इंजिन लहान करता येत नाही. त्याला बॉयलर लागतो, धुराडे लागते, आगवाला लागतो. ज्याच्याकडे भांडवल आहे त्यानेच ते घ्यावे. म्हणून विणकर, सुतार, लोहार, कासार असे स्वतःच्या घरात काम करणारे लोक गिरण्यांपुढे टिकत नव्हते. लहान, स्वस्त आणि चालवायला सोपे इंजिन मिळाले तर हे कारागीर आपापल्या गावी, आपापल्या घरी ताठ उभे राहतील, शहरातल्या चाळी आणि कारखान्यांच्या रांगा वाढणार नाहीत, अशी डिझेल यांची श्रद्धा होती. हातगाडीवर बापाचा माल वाहिलेल्या मुलाची ही श्रद्धा होती. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांनी एकत्र येऊन आपले उद्योग स्वतः चालवावेत अशा विचाराचे एक पुस्तकही लिहिले. ते फारसे विकले गेले नाही. आपल्या इंजिनापेक्षा त्या पुस्तकाचे मोल त्यांना कमी वाटत नव्हते.

प्रत्यक्षात झाले ते उलटे. त्या काळी इंधन सिलिंडरमध्ये फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, आणि ती हवा तयार करायला इंजिनाशेजारी स्वतंत्र कॉम्प्रेसर. त्यामुळे यंत्र जड, अवाढव्य आणि महाग झाले. ते घेतले ते मोठ्यांनी. अमेरिकेतले मद्य-उद्योजक अडॉल्फस बुश यांनी १८९७ मध्ये तिथले हक्क दहा लाख मार्कांना विकत घेतले. रशियात इमॅन्युएल नोबेल यांनी घेतले. जर्मनीत केम्प्टनच्या आगपेट्यांच्या कारखान्यात १८९८ मध्ये ६० अश्वशक्तीचे इंजिन बसले.

वीज निर्माण करण्याच्या कामी हे इंजिन लौकरच जुंपले गेले. वोल्गा नदीवर १९०३ मध्ये नोबेल यांची वांडाल नावाची तेलवाहू नौका सुरू झाली. तिच्यात तीन डिझेल इंजिने जनरेटर फिरवत आणि त्या विजेवर मोटारी नौकेचे पंखे चालवत. जिथे मोठ्या वीजकेंद्राच्या तारा पोचल्या नव्हत्या तिथे डिझेल हीच मुख्य वीज झाली. एखाद्या गावाची रस्त्यावरची बत्ती, एखादी गिरणी, एखादा बंगला यांना कोळशाचा ढीग आणि बॉयलर न ठेवता वीज मिळू लागली.

डिझेल हे इंधनच त्यांनी शोधले असा एक समज असतो. तसे नाही. त्यांनी इंजिन शोधले. त्याला चालणाऱ्या तेलाला पुढे त्यांचे नाव पडले. किंबहुना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. ज्या देशात खनिज तेल नाही तिथल्या शेतकऱ्याला आपल्याच शेतातल्या तेलावर शक्ती मिळेल, ही गोष्ट डिझेल यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत आकर्षित करत राहिली.

पैसा आला आणि गेला

चाळिशीत डिझेल लक्षाधीश झाले. पण १८९८ हे वर्ष यशाचे तसेच कोसळण्याचेही ठरले. कारखान्यांना विकलेली सुरुवातीची इंजिने बिघडू लागली. काही परत आली. कल्पना आपली होती असा दावा करणारे लोक न्यायालयात गेले. आउग्सबुर्गमध्ये त्यांच्या नावाने निघालेला स्वतंत्र इंजिन कारखाना चालला नाही. डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी ते इतके खचले की म्युनिकजवळच्या आरोग्यधामात काही महिने राहावे लागले.

बरे झाल्यावर त्यांनी म्युनिकमध्ये एक आलिशान घर बांधले. मुलांना कशाची उणीव नव्हती. पण पैशाच्या बाबतीत त्यांची पारख इंजिनासारखी नव्हती. जमिनींच्या व्यवहारांत आणि तेलाच्या विहिरींत घातलेली रक्कम बुडाली. १९०८ च्या सुमारास मूळ पेटंटांची मुदत संपली, त्यामुळे कोणीही त्यांना विचारल्याशिवाय डिझेल इंजिन बांधू शकत होता. नाव जगभर होत होते आणि उत्पन्न आटत होते. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेल इंजिनांवर चालणारे जहाज कोपनहेगनहून निघून बँकॉकला जाऊन आले आणि आगबोटीच्या युगाचा शेवट जवळ आल्याची खूण पटली. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेला गेले. तिथे त्यांचे मोठ्या थाटाने स्वागत झाले. हार घेणारा माणूस आतून कर्जात बुडालेला आहे हे त्या सभागृहांत कोणाला ठाऊक नव्हते. बहुधा घरीही कोणाला नव्हते.

ड्रेस्डेन बोटीवरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढले. इंग्लंडमध्ये डिझेल इंजिनांच्या एका कंपनीच्या कामासाठी ते निघाले होते. बरोबर कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि इंजिनिअर आल्फ्रेड लुकमान होते. तिघे एकत्र जेवले, डेकवर फिरले, गप्पा मारल्या. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून डिझेल आपल्या केबिनमध्ये गेले.

सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. रात्रीचा पोशाख काढून ठेवलेला, घड्याळ पलंगावरून दिसेल असे लावलेले. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्यांची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. रोजनिशीत २९ सप्टेंबर या तारखेपुढे एक छोटी फुली होती.

दहाएक दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक मृतदेह आढळला. तो फार खराब झाला होता, म्हणून खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राला दिला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीजवळ एक पिशवी दिली होती आणि ती आठवड्याने उघडायला सांगितली होती. त्यात २०,००० मार्क रोख आणि खात्यांत जवळजवळ काही नाही हे दाखवणारे कागद होते.

मृत्यूबद्दल तर्क पुष्कळ झाले. युद्ध तोंडावर आले होते आणि पाणबुड्यांना डिझेल इंजिने लागत होती, म्हणून कोणी घातपाताची शंका घेतली. त्याला पुरावा मिळाला नाही. फुली, पिशवी आणि घडी घातलेला कोट यांवरून बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडे आहे. जाण्यासारखी गोष्ट एवढीच की कर्जाबद्दल जवळच्या एकाही माणसाशी त्यांनी मोकळेपणाने बोलावे, असे घडले नाही. जगाला अडीअडचणीची शक्ती पुरवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या अडचणीसाठी काहीच राखून ठेवले नव्हते. पैसा नाही आणि मन मोकळे करायला माणूसही नाही.

इच्छा पुरी झाली ती नंतर

कॉम्प्रेसरची अडचण इतरांनी हळूहळू सोडवली. दाबलेल्या हवेऐवजी पंपाने थेट तेल फवारण्याची युक्ती पुढे आली आणि १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून अचूक इंधनपंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. इंजिन हलके झाले, वेगवान झाले, लहान झाले. १९३३ मध्ये जपानमध्ये यानमारचे संस्थापक यामाओका मागोकिची यांनी शेतकऱ्याला परवडेल असे लहान डिझेल इंजिन तयार केले. डिझेल यांचे ऋण त्यांनी विसरले नाही. १९५७ मध्ये त्यांनी आउग्सबुर्गच्या बागेत डिझेल यांच्या स्मरणार्थ मोठमोठ्या शिळा मांडलेले जपानी पद्धतीचे उद्यान भेट दिले. ज्याची समाधी नाही त्याचे ते स्मारक.

आपल्याकडचा धागा बेळगावातून निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. विहिरीवरचे इंजिन, पिठाची गिरणी, उसाचा चरक, खेड्यातला पहिला सिनेमा यांना बळ मिळाले ते अशाच इंजिनांमुळे. आपल्या गावी, आपल्या दारात स्वतःची शक्ती : डिझेल यांना हवे होते ते नेमके हेच.

संस्था चालवणाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांत मंगल कार्यालये, शाळा, पतसंस्था, दवाखाने चालवणारे बरेच जण आहेत. जनरेटर घेताना दोन जाती ओळखाव्यात. एक मुख्य वीज देणारा, म्हणजे जिथे दुसरी वीज नाहीच अशा ठिकाणी कमीजास्त होणाऱ्या भारावर कितीही तास चालणारा. दुसरा राखीव, म्हणजे नेहमीची वीज गेली की तेवढ्यापुरता चालणारा. त्याची क्षमता वर्षाकाठी साधारण २०० तासांचा वापर धरून ठरवलेली असते. एकाच यंत्रावर दोन आकडे लिहिलेले असतात ते यामुळे. राखीवचा मोठा आकडा पाहून त्याला रोज आठ तास राबवले तर ते लौकर झिजते.

दुसरी गोष्ट, फार मोठा जनरेटर घेणे हीही चूकच. हे इंजिन दाबाच्या उष्णतेवर चालते. क्षमतेच्या तिसऱ्या भागाहूनही कमी भारावर ते तासन्‌तास चालले तर पुरेसे तापत नाही, तेल अर्धवट जळते, काजळी आणि चिकट थर साचतो. आणि उलट बाजूने, लिफ्टची किंवा पाण्याच्या पंपाची मोटार सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते, तोही हिशेबात धरावा लागतो. यासाठी बल्ब आणि पंखे मोजून भागत नाही. जाणकाराकडून भार काढून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. राखीव जनरेटर ऐनवेळी सुरू होत नाही तेव्हा बहुधा इंजिन बिघडलेले नसते, बॅटरी उतरलेली असते. महिन्यातून एकदा खऱ्या भारावर अर्धा तास चालवून पाहणे, बॅटरी, पाणी, तेल आणि साठवलेले डिझेल तपासणे, आणि त्याची नोंद एका वहीत ठेवणे एवढे पुरते. चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे, नाहीतर आपली वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. आणि जनरेटर कधीही बंद खोलीत किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसाला झोपेतच संपवतो.

धुराचा आणि आवाजाचा प्रश्न आज सगळीकडे ऐरणीवर आहे, आणि सौर छत, मोठ्या बॅटऱ्या हे पर्याय येतच आहेत. ते यावेत. वाया जाणाऱ्या उष्णतेची ज्याला इतकी चीड होती त्याने त्यांचे स्वागतच केले असते. तोवर शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा आणि रक्तपेढीतला फ्रीज त्याच्याच यंत्राच्या भरवशावर आहे.

१८ मार्च हा रुडॉल्फ डिझेल यांचा जन्मदिवस. ज्या संस्थांकडे जनरेटर आहे त्यांनी वर्षाची सविस्तर तपासणी त्या दिवशी ठेवायला हरकत नाही. तारीख लक्षात राहील, यंत्र तयार राहील. आणि त्या दिवशी संस्थेच्या ताळेबंदात राखीव निधीपुढे काय लिहिले आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.